आधी दादांना दाखवा

आमच्या ऑफिसचे किस्से कुणी ठरवून साठवलेले नाहीत. मोरिवलीच्या धुळीसारखे ते आपोआप जमतात. सकाळी टेबल पुसा, जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यावर बोटानं नाव लिहिता येतं! आता तर असं झालंय की मी एखादा किस्सा हसत हसत सांगायला घेते आणि अर्ध्यातच सोडून देते. पण सांगते. तुम्ही चहा घ्या, गार होईल.

आधी आम्ही काय करतो ते सांगायला हवं, कारण ते आमच्या घरच्यांनाही धड माहीत नाही. अंबरनाथला, मोरिवलीच्या एमआयडीसीत, खोकी बनवणाऱ्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर बसून आम्ही नॉर्वेचे रस्ते बघतो. तिकडे एक पिवळी गाडी टपावर कॅमेरे लावून गावोगाव फिरते, रस्त्याचा व्हिडिओ काढते आणि तो काही महिन्यांनी आमच्याकडे येतो. आम्ही एकेक फ्रेम सरकवत नोंद करायची. इथे पाटी आहे, इथे कठडा वाकलाय, इथे डांबराला भेग पडलीय, ह्या बोगद्यातला दिवा गेलाय. आणि वाटेत जो कुणी माणूस दिसेल त्याच्या चेहऱ्यावर चौकोन ओढून चेहरा धूसर करायचा. तिकडचा कायदाच तसा आहे. केसांपासून हनुवटीपर्यंत सगळं डोकं चौकोनात आलं पाहिजे, तसूभर बाहेर राहता कामा नये. एकदा 'सेव्ह' दाबलं की मूळ चेहरा कायमचा गेला. मग तो आम्हालाही दिसत नाही.

माझ्या सासूबाईंनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे दिवसभर खिडकीत बसून बाहेर बघतेस. ते मीपण करते की!"

* * *

आमचे मालक हरेशसर उल्हासनगरचे. त्यांच्या वडिलांचं जीन्स धुवायचं युनिट होतं, ते बंद झालं. मग कुणा ओळखीच्याच्या ओळखीनं त्यांना हे नॉर्वेचं काम मिळालं. माझ्या इंटरव्ह्यूला मी त्यांना विचारलं, "सर, कपड्याच्या लाइनीतून एकदम इकडे कसे?"

सर म्हणाले, "अरे बाबा, लाइन तीच आहे! आधी जीन्सचा कलर उडवायचो, आता लोकांचा चेहरा उडवतो."

मी हसले. तेव्हा हसू यायचं.

* * *

निकिता बदलापूरची. बदलापूर गावात, नदीच्या अंगाला त्यांचं तळमजल्यावरचं घर. नवीन लागली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिनं एका फाईलला लाल शेरा मारला. लाल शेरा म्हणजे तातडीचं, तिकडे लगेच मेल जातो. तिनं लिहिलं होतं, "रस्ता पूर्ण पाण्याखाली. पुढे काहीच दिसत नाही. गाड्या अडकून रांगेत उभ्या आहेत. तिकडे कुणाला तरी कळवा प्लीज."

मी फाईल उघडली. गाड्या खरंच रांगेत होत्या. माणसं खाली उतरून आरामात कॉफी पीत होती. समोर पाणी आणि पाण्यात एक मोठी फेरीबोट. अहो, तिकडे रस्ता खाडीच्या काठाशी येतो आणि थांबतो. मग बोटीत बसतो आणि पलीकडे उतरून पुन्हा चालू होतो! पण मी बघेपर्यंत मेल गेला होता. नॉर्वेच्या मॅडमचं उत्तर आलं, अगदी सभ्य: "कळवल्याबद्दल आभार. ही खाडी आहे. ती पूर्वीपासून तिथेच असते."

महिनाभर आम्ही निकिताला पिडलं. पाण्याची बाटली सांडली तरी "लाल शेरा मार गं!" तीही हसायची. एकदा मात्र पटकन बोलून गेली, "ताई, आमच्याकडे रस्त्यावर पाणी दिसलं ना, की मम्मी आधी देव माळ्यावर ठेवते आणि मग आजीला. मला दुसरं काही सुचलंच नाही." त्यानंतर तो विनोद हळूहळू बंद झाला.

* * *

आता भोईरदादा. सगळ्यांत वडीलधारे, खुद्द मोरिवली गावातले. आमचा कारखाना उभा आहे तिथेच कुठंतरी त्यांच्या आजोबांचं भाताचं शेत होतं. नक्की कुठे, ते त्यांनाही सांगता येत नाही. एमआयडीसीतल्या एका कंपनीत ते ड्राफ्ट्समन होते. ती बंद पडली आणि दादा आमच्याकडे आले. नाकावर चष्मा, खिशात तंबाखूची डबी आणि काम असं की पाकिटावर पोस्टाचं तिकीट लावावं तसा यांचा चौकोन! डोक्याच्या वर बोटभर, हनुवटीच्या खाली बोटभर. मी क्यूसीला आहे, म्हणजे सगळ्यांचं काम तपासून पास करायचं किंवा परत पाठवायचं. दादांची फाईल मी कधीच परत पाठवलेली नाही.

एका खेपेला आलेल्या व्हिडिओत रस्त्याच्या दोन्ही कडांना उंच काठ्या रोवलेल्या दिसायला लागल्या. मैलोन् मैल काठ्या. कशाच्या, ते कुणाला कळेना. आम्ही आपलं 'इतर वस्तू' म्हणून नोंदवत होतो. दादा मात्र दर काठीला चुकचुकायचे. शेवटी डबा खाताना हातातला घास ठेवून म्हणाले, "यांची पण जमीन जाते वाटतं."

"कुणाची, दादा?"

"या नॉर्वेवाल्यांची गो! सर्व्हेच्या खुंट्या मारून ठेवल्यान सगळीकडं. घरं बग किती छान हायेत, लाल लाल. बिचाऱ्यांना कुणी सांगितलंय का नाय देव जाणे."

आम्ही हसलो. दादा हसले नाहीत. पुढे एकदा हिवाळ्यातला व्हिडिओ आला आणि उलगडा झाला. सगळीकडे पांढरं, रस्ता नाही, शेत नाही, फक्त त्या काठ्यांची टोकं वर. बर्फ उपसणाऱ्या गाडीला रस्ता कुठपर्यंत आहे ते कळावं म्हणून त्या रोवलेल्या असतात. निकितानं दादांना बोलावून दाखवलं.

दादा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "रस्ता कुठं हाय ते कळावं म्हणून एवढ्या काठ्या! आमचं शेत कुठं होतं ते कळावं म्हणून जल्ली एक पण नाय ठेवली कुणी."

* * *

ती खाडीवाली मॅडम एकदा प्रत्यक्ष आली. हरेशसरांनी जिन्याला रंग दिला, संडासाला कडी लावली, स्वागताला पुष्पगुच्छ आणला. पण स्टेशनपासून आमच्या गेटपर्यंतच्या रस्त्याला काय लावणार? मॅडम टॅक्सीतून उतरल्या तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक होता. बरं, बाई रस्त्याच्या कामातली! सवय जाईल कुठे? तिथेच वाकून त्यांनी मोबाईलवर खड्ड्याचा फोटो काढला आणि अगदी मनापासून विचारलं, "ह्या रस्त्याची शेवटची तपासणी कधी झाली होती?"

हरेशसर आभाळाकडे बघायला लागले. मी पुष्पगुच्छाकडे. दादा पुढे झाले आणि त्यांच्या इंग्रजीत म्हणाले, "जस्ट नाऊ, मॅडम. यू ओन्ली डन इट."

मॅडम खूप हसल्या. जाताना मला हळूच म्हणाल्या, "तुम्ही सगळे आमच्या रस्त्यांची किती काळजी घेता!" मी संध्याकाळी त्याच रस्त्यानं चालत घरी गेले.

* * *

घर म्हणाल तर माझं चिखलोलीला. घेतलं तेव्हा जाहिरातीत लिहिलं होतं, स्टेशनपासून पाच मिनिटं. आणि ते खोटं नाही हां! पाच मिनिटंच आहे. फक्त स्टेशन यायचंय.

दादांनी हे ऐकलं आणि म्हणाले, "पोरी, तुझं बरं हाय. तुझं यायचंय. आमचं सगळं जाऊन झालं."

* * *

बोगद्यांची एक वेगळीच तऱ्हा. नॉर्वेत डोंगर फार, म्हणून बोगदे फार. काही तर इतके लांब की मध्ये निळे दिवे लावून गुहेसारखी मोकळी जागा केलीय, म्हणजे गाडी चालवणाऱ्याला डुलकी लागू नये. पण बघणाऱ्याचं काय? फ्रेमवर फ्रेम, राखाडी भिंत, दिवा, राखाडी भिंत, दिवा. बाहेर भर दुपारचं ऊन आणि खाली खोक्यांच्या मशीनची एकसुरी घरघर.

हरेशसर एकदा अचानक आत आले तर निकिताचं डोकं कीबोर्डवर. सर टेबलावर टकटक करून म्हणाले, "काय निकिता, सोते आहेस?"

निकिता ताडकन उठली. गालावर कीबोर्डचे चौकोन उमटलेले! म्हणाली, "नाही सर! बोगद्यात होते!"

तेव्हापासून तो आमच्याकडचा शब्दच झाला. कुणाचं घरी भांडण झालेलं असो, कुणाची तब्येत ठीक नसो, विचारलं की एकच उत्तर: "बोगद्यात आहे." म्हणजे आज जास्त विचारू नका, येईल आपोआप बाहेर.

* * *

आता दादांच्या मुलाचं सांगते. तुषार. एकुलता एक. दादा रोज घरी जाऊन नॉर्वेचे बोगदे सांगायचे, तिथल्या खाड्या सांगायचे. मंदावहिनी, म्हणजे दादांच्या पत्नी, म्हणायच्या, "या माणसानं पोराच्या डोक्यात बर्फ भरलाय." आणि झालं तसंच. तुषार इलेक्ट्रिकल शिकला आणि तिकडेच गेला. बोगद्यांतले हवा खेळवायचे मोठे पंखे असतात ना, ते दुरुस्त करायच्या कामावर लागला.

एके दिवशी त्याचा फोन आला. "बाबा, तुमची पिवळी गाडी आज आमच्या गावातून गेली! मी बसस्टॉपवर होतो. मी हात केलाय, बघा हां!"

झालं! दादा महिनोन् महिने त्या फाईलची वाट बघत बसले. रोज सकाळी आल्या आल्या हरेशसरांना विचारायचे, "तिकडची आयली का?" आणि आली एकदाची. खाडीच्या काठचं छोटं गाव, लाकडी बसस्टॉप आणि तिथे आमचा तुषार, लाल जॅकेट घालून, टोपी डोळ्यांपर्यंत ओढून, दोन्ही हात हलवतोय! सगळं ऑफिस दादांच्या खुर्चीमागे. निकितानं टाळ्या वाजवल्या. हरेशसरांनी खालून सगळ्यांना कोल्ड्रिंक मागवलं.

मग दादांनी माऊस हातात घेतला आणि लेकाच्या चेहऱ्यावर चौकोन ओढायला लागले.

"दादा, राहू द्या ना!" निकिता म्हणाली. "एवढा हसतोय तो. कुणाला कळतंय?"

"नियम हाय," दादा म्हणाले. "माझे पोराला काय वेगळा नियम?"

टोपीच्या वर बोटभर, हनुवटीच्या खाली बोटभर. सेव्ह. चेहरा गेला. हलणारे दोन हात तेवढे राहिले. हातांना नियम नाही.

* * *

गेल्या वर्षी नवरात्राच्या तोंडावर मंदावहिनी गेल्या. काही आजार नाही, काही नाही. सकाळी दूध तापवताना बसल्या त्या बसल्याच. आम्ही सगळे मोरिवलीला त्यांच्या घरी गेलो. ओटीवर माणसं जमलेली, आत बायकांचं रडणं, आणि दादांच्या पुतण्यानं मोबाईलवर तुषारला लावलेलं.

तुषार नुसता रडत होता. म्हणत होता, "बाबा, माझं राहायचं कार्ड नवीन करायला दिलंय. ते हातात नसताना बाहेर पडलो तर परत आत घेणार नाहीत. मी काय करू सांगा. बाबा, सांगा ना."

दादांनी फोन हातात घेतला. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "आई खाली ठेवलेली हाय इकडं आणि तू परत जायाचं बगतोस? नको येऊ. आता कदीच येऊ नको."

आणि फोन बंद केला.  

अग्नी पुतण्यानं दिला. दहाव्याला केसही त्यानंच काढले. आम्ही गेलो होतो. त्या मुलाचं गुळगुळीत डोकं बघून दादा सगळ्यांसमोर म्हणाले, "ज्याचं करायाचं तो केस सांभाळत बसलाय तिकडं." मला ते फार लागलं. दादांना तर किती लागलं असेल.

तुषारचे फोन येत होते. घरी दादा मोबाईल पालथा घालून ठेवायचे. मग फोन येणं थांबलं.

दादा कामावर आले तेव्हा हरेशसर स्वतः उठून त्यांच्या टेबलापाशी गेले. "भोईरसाब, कसे आहात?"

"बोगद्यात हाय, सर," दादा म्हणाले आणि कॉम्प्युटर चालू केला.

* * *

दिवाळी गेली, संक्रांत गेली. एकदा डबा खाताना आम्ही दोघंच होतो. दादांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "हेमा, तोंडातनं गेलेला शब्द परत कसा घेतात गो?"

मी म्हटलं, "फोन करा, दादा. एवढंच."

"कुठल्या तोंडानं करू? तो बोलंल, तुम्हीच बोललात येऊ नको." मग म्हणाले, "एकदा नुसता दिसला असता. बरा हाय का नाय, तेवढंच बगायचं होतं."

मी हे निकिताला सांगितलं. चूक की बरोबर माहीत नाही, पण सांगितलं. आणि त्यानंतर आमच्याकडे कुणी न ठरवता एक पद्धत पडली. तुषारच्या बाजूच्या व्हिडिओत कुणी सावळा, काळ्या केसांचा, आपल्याकडचा वाटणारा माणूस दिसला, की चौकोन ओढायच्या आधी दादांना हाक मारायची. कारण एकदा झाकला की गेला! "थांब, सेव्ह करू नको, आधी दादांना दाखव!" दिवसातून एकदा तरी कुणीतरी ओरडायचं.

आणि दादा प्रत्येक वेळी उठून यायचे. चष्मा वर करून स्क्रीनला नाक लावायचे. कधी टॅक्सीवाला असायचा, कधी पाठीवर जेवणाची पेटी घेतलेला सायकलवाला, एकदा तर बाबागाडी ढकलणारा कुणी बाप. दादा म्हणायचे, "हा नाय." परत जाऊन बसायचे.

एकदा मात्र जाता जाता वळले. निकिताला म्हणाले, "चौकोन जरा नीट काढ हां त्याचा. त्याची पण कुणी वाट बगत असंल."

* * *

होळीच्या आसपास हरेशसरांनी सगळ्यांना बोलावलं. नॉर्वेवाले आता चेहरे झाकायला तिकडेच मशीन लावणार होते. पुढच्या खेपेपासून व्हिडिओ येईल तो चेहरे झाकूनच येईल. आपल्याला नुसते रस्ते, पाट्या आणि कठडे.

"चला, सुटलो! त्या चौकोनांनी मान गेली माझी," निकिता म्हणाली. मग तिची नजर दादांकडे गेली.

दादांनी तंबाखूची डबी काढली, उघडली, तशीच बंद करून खिशात ठेवली.

हरेशसर म्हणजे तसे कडक माणूस. अर्धा तास उशिरा आलं तर अर्धा दिवस कापतात. पण त्या दिवशी मीटिंग संपल्यावर मला म्हणाले, "हेमा, इस खेप में त्या साइडच्या जितक्या फाईली उरल्यात ना, सगळ्या भोईरसाबला दे. दुसऱ्या कोणाला नको." आणि लगेच केबिनमध्ये जाऊन फोनवर कुणावर तरी ओरडायला लागले.

दादा दिवसभर त्या फाईली बघायचे. चहाला उठायचे नाहीत. चेहरे भराभर येत होते आणि झाकले जात होते. म्हाताऱ्या, शाळेतली पोरं, कुत्रे फिरवणारी माणसं. कुठल्याही चौकोनाला नाव ठेवायला जागा नाही. मी फाईल उघडायचे, बघायचे, पास करायचे. आणि दरवेळी मनात म्हणायचे, ह्यातही नाही. फाईली संपत आल्या. आमच्या हातात दुसरं काहीच नव्हतं.

* * *

आणि हा शेवटचा. हा मी ऑफिसबाहेर कुणाला सांगितलेला नाही.

दुपार होती. दादांनी एक फाईल संपवून माझ्याकडे टाकली आणि उठून बाहेर गेले. मला वाटलं, पाय मोकळे करायला गेले. मी फाईल उघडली.

तेच गाव होतं. खाडी, लाल घरं, झाडांची पानं पिवळी झालेली, मागच्या डोंगरावर नवीन पडलेला बर्फ. तोच लाकडी बसस्टॉप. थंडी चांगलीच असणार, कारण सगळे गुरफटलेले. बाकावर एक आजी, कानटोपी घातलेली. तिच्याशेजारी दोन पोरं, तीही टोप्या घातलेली. तिघांचेही चौकोन दादांचे, टोपीच्या वर बोटभर, हनुवटीच्या खाली बोटभर.

त्यांच्यापासून थोडा बाजूला, रस्त्याच्या अगदी कडेला, एक जण उभा होता. लाल जॅकेट. सरळ गाडीकडे तोंड करून. हात हलवत नव्हता. हात खाली सोडलेले होते आणि उजव्या हातात टोपी होती.

त्याच्या चेहऱ्यावरही चौकोन होता. पण तो हनुवटीपासून निघून भुवयांपाशी थांबला होता. वरचं सगळं डोकं उघडं. त्यावर एक केस नव्हता. कपाळ रापलेलं आणि त्याच्या वर कोरी, फिकट कातडी.

कोपऱ्यात तारीख असते. वहिनींचा दहावा झाला त्याच आठवड्यातली होती.

मी पुढच्या फ्रेमवर गेले. गाडी जवळ आलेली, तो तसाच उभा. त्याच्या पुढच्या फ्रेमवर गेले. तसाच. गाडी अगदी शेजारून निघून जाईपर्यंत तो हलला नव्हता आणि प्रत्येक फ्रेममध्ये दादांचा चौकोन भुवयांपाशीच थांबला होता. एकाही ठिकाणी वर सरकलेला नव्हता.

नियमानं मी ती फाईल परत पाठवायला हवी होती. मी 'पास' दाबलं.

मग दादांच्या खुर्चीकडे बघितलं. रिकामी. आमच्याकडे कामाच्या जागी मोबाईल चालत नाही, आत शिरताना दारापाशी खणांच्या कपाटात ठेवायचा. दादांचा खण उघडा होता. दार नुसतं लोटलेलं होतं आणि बाहेर जिन्यात कुणीतरी बोलत होतं. निकितानं माझ्याकडे बघितलं. मी तिला हातानंच गप्प राहायला सांगितलं.

"हां," दादांचा आवाज आला. "मी. बाबा."

 खाली खोक्यांचं मशीन चालू होतं. मला वाटलं, फोन कट झाला असेल.

"टोपी कशाला काढलीस रे?" दादा म्हणाले. "थंडी हाय ना तिकडं."